खाज, ॲसिडिटी आणि बाळंतपणाची तारीख

गरोदर बाईची तक्रार घरात सगळे ऐकतात, पण मनावर कोणी घेत नाही. अंगाला खाज सुटली? पोट ताणतंय, सुटणारच. छातीत जळजळतंय? बाळाला जावळ भरपूर असणार. उलट्या होतायत? पित्त खवळलंय, कोकमाचं सरबत द्या. बहुतेक वेळा हे बरोबर असतं आणि अडचण तिथंच आहे. कारण गरोदरपणात यकृत बिघडलं तर तेही याच तक्रारी घेऊन येतं. डोळे पिवळे होणं ही बरीच उशिराची खूण. काही आजारांत तर ते शेवटपर्यंत पांढरेच राहतात.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बाळंतपणं करते. ऊसतोडणीच्या टोळीबरोबर आलेल्या बायका, यंत्रमाग कामगारांच्या घरातल्या सुना, शाळेतल्या शिक्षिका, सगळ्या माझ्याकडे येतात. यकृताच्या आजाराबद्दल त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. यातल्या बऱ्याच आजारांत खरं औषध म्हणजे बाळंतपणाची तारीख. बाळ कोणत्या आठवड्यात, कधी कधी तर कोणत्या तासाला बाहेर यायला हवं, हा निर्णय बरोबर झाला तर आई आणि बाळ दोघंही हाती लागतात. तो निर्णय करायला लागणाऱ्या बहुतेक तपासण्या तालुक्याला होतात. त्या वेळेवर व्हाव्या लागतात, इतकंच.

आधी एका कागदाबद्दल. एलएफटीचा, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की घरचे हमखास चुकीच्या ओळीला घाबरतात. अल्कलाइन फॉस्फटेजच्या पुढे ठळक अक्षरांत मोठा आकडा छापलेला असतो आणि रात्री मला फोन येतो. खरं तर शेवटच्या तिमाहीत हे द्रव्य वारेतूनही रक्तात येतं. ते दुप्पट-तिप्पट, क्वचित चौपट दिसणंही स्वाभाविक आहे. अल्ब्युमिन थोडं उतरतं, कारण रक्तातला पाण्याचा अंश वाढलेला असतो. तळहात लालसर होतात, तेही चालायचंच. पण एसजीपीटी, एसजीओटी आणि बिलिरुबिन हे तीन आकडे नुसत्या गरोदरपणामुळे वाढत नाहीत. छापील कागदावर एसजीपीटीची वरची मर्यादा ४०च्या आसपास दिलेली असते. गरोदर बाईसाठी ती त्याहूनही खाली, ३०च्या आसपास धरायला हवी. म्हणून ७० आकडा आला तर ‘थोडासाच वाढलाय’ म्हणून कागद घडी घालून ठेवता येत नाही. तो का वाढला, याचं उत्तर शोधावं लागतं.

सगळ्यांत जास्त हसण्यावारी नेली जाते ती खाज. चौतिसाव्या आठवड्यातली एक मुलगी आईबरोबर आली होती. माझ्याशी बोलता बोलता ती चप्पल काढून तपासणीच्या टेबलाच्या लोखंडी पायरीच्या कडेवर तळपाय घासत होती. तिच्या ते लक्षातही नव्हतं. आई म्हणाली, “मॅडम, नायटा हाय का बघा की. रातभर कंगव्यानं खाजवत बसतीया.” मी अंग पाहिलं. पुरळ नाही, चट्टा नाही, नुसते नखांचे ओरखडे. “सगळ्यात जास्त कुठं गं?” असं विचारलं तर तिनं दोन्ही तळहात पुढे केले. रात्री फरशीवर पाणी ओतून त्यावर उभी राहते, म्हणाली. पुरळ नसलेली, तळहात-तळपायांची, रात्री वाढणारी खाज. शेवटच्या तीन महिन्यांत एवढं ऐकलं की त्वचेचं मलम लिहून देण्याआधी रक्त घ्यावं. तिचा एसजीपीटी १००च्या वर होता, बिलिरुबिन अगदी नॉर्मल. डोळे बघून कोणालाही काही कळलं नसतं.

यकृतात तयार झालेलं पित्त आतड्यात उतरायला हवं. काही बायकांमध्ये गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे त्याचा निचरा मंदावतो आणि पित्तातली आम्लं रक्तात साठतात. डॉक्टर याला कोलेस्टेसिस म्हणतात. आईला त्याचा त्रास खूप होतो पण जिवाला धोका नसतो, बाळंतपणानंतर काही दिवसांत खाज जाते. धोका बाळाला असतो. ही आम्लं वारेतून बाळाकडे जातात. त्याच्या हृदयाचा ठोका बिघडून बाळ पोटातच अचानक दगावू शकतं, दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात, बाळ पोटातच शी करू शकतं. ब्रिटनमध्ये पाहिलं तर भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या बायकांमध्ये हा आजार तिथल्या एकूण प्रमाणाच्या जवळजवळ दुप्पट आढळतो. म्हणजे ही आपल्याकडची दुर्मीळ गोष्ट मुळीच नाही.

किती आम्लं साठली आहेत हे मोजता येतं. ती तपासणी आमच्या गावात होत नाही. नमुना लॅबमार्फत मोठ्या शहरात जातो आणि आकडा दोन-तीन दिवसांनी येतो. तो आकडाच तारीख ठरवतो. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. पित्ताम्लं ४०च्या आत राहिली तर पोटात बाळ दगावण्याचं प्रमाण हजारी एकाच्या आसपास, म्हणजे इतर गरोदर बायकांइतकंच. ४० ते ९९ या टप्प्यात हजारी तीनच्या आसपास. १०० किंवा त्यावर गेली की हजारी ३४. पहिल्या दोन टप्प्यांत फारसं अंतर नाही आणि शंभरी ओलांडली की एकदम उडी. म्हणून सौम्य आजारात चाळिसाव्या आठवड्यापर्यंत थांबता येतं, मधल्या टप्प्यात अडतीस-एकोणचाळीसला, आणि शंभरच्या वर असेल तर पस्तीस-छत्तीसलाच बाळंतपण करावं लागतं.

त्या मुलीचा आकडा ११८ आला. घरच्यांना समजावणं अवघड गेलं. सोनोग्राफी चांगली, बाळाचे ठोके चांगले, बाळ पोटात फिरतंय, मग महिनाभर आधी कळा कशासाठी आणायच्या, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. या आजाराचं खरं कठीण रूप हेच आहे. आज काढलेली ठोक्यांची पट्टी उत्तम असते आणि तरी ती परवाची हमी देत नाही. बाळाची हालचाल कमी झाली तर ताबडतोब यावं हे मी सगळ्यांना सांगते, पण इथं पोटातलं बाळ हळूहळू अशक्त होत नाही, की आगाऊ इशारा मिळावा. छत्तीस आठवड्यांना कळा आणल्या. मुलगी झाली, सव्वादोन किलोची. थोडी धापत होती, नवजात कक्षात तिला काही काळ ऑक्सिजन द्यावा लागला, मग आईच्या छातीशी आली. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला दूध ओढायला, ऊब धरायला कष्ट पडतात. तो त्रास आम्ही जाणूनबुजून पत्करला होता, कारण त्यातून बाळाला बाहेर काढता येतं.

इथं ‘उर्सो’च्या गोळीबद्दल बोललं पाहिजे, कारण ती सर्रास दिली जाते. तिनं काही बायकांची खाज थोडी उतरते. पण इंग्लंड आणि वेल्समधल्या ३३ रुग्णालयांत ६०५ बायकांवर नीट चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, आणि बाळाचा धोका त्या गोळीनं कमी झाल्याचं दिसलं नाही. मीही ती देते, आईला झोप लागावी म्हणून. गोळी सुरू आहे म्हणजे बाळ सुरक्षित आहे, असं मात्र कोणी धरून चालू नये. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा एलएफटी करायची, तोवर आकडे जागेवर यायला हवेत. नाही आले तर यकृताचा दुसरा कोणता आजार आहे का ते पाहायचं. पुढच्या खेपेला हा आजार पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही तो उसळू शकतो. तांबी हा त्यापेक्षा बरा मार्ग.

आता ॲसिडिटी. विसाव्या आठवड्यानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात मधोमध दाबून धरल्यासारखं दुखत असेल, तर ते जठराचं दुखणं आहे असं मानायच्या आधी बीपी बघा. ॲसिडिटीचं इंजेक्शन टोचून बाईला घरी पाठवायचं, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्याबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही. गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जायला लागतात त्या आजारात काही बायकांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटू लागतात, यकृताला सूज येते आणि प्लेटलेट झपाट्यानं घसरतात. ॲरिझोनातले डॉक्टर लुई वाइनस्टाइन यांनी १९८२ मध्ये या तिन्हींची मोट बांधून त्याला ‘हेल्प सिंड्रोम’ असं नाव दिलं. वरच्या पोटातलं ते दुखणं म्हणजे ताणलेलं यकृताचं आवरण. कधी त्याच्याखाली रक्त साठतं, आणि ते फुटलं तर बाई हातची जाते. फसवणारी गोष्ट अशी की काही जणींचं बीपी सुरुवातीला नॉर्मल असतं, आणि काही जणींना हा आजार बाळंतपण झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत होतो. म्हणून बाळंतिणीनं ‘पोटात दुखतंय’ म्हटलं तर त्याला वात धरला असं म्हणून ओवा-शेपा देऊन भागत नाही.

चार तपासण्या पुरतात: बीपी, लघवीतली प्रथिनं, प्लेटलेट, एसजीपीटी. प्लेटलेट एक लाखाखाली आणि एसजीपीटी वाढलेला असेल तर बाई आता घरी जात नाही. दर काही तासांनी पुन्हा रक्त घ्यावं लागतं, कारण सकाळी ९५ हजार असलेल्या प्लेटलेट संध्याकाळी निम्म्यावर आलेल्या असू शकतात. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट. त्याचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येतो आणि १०८च्या गाडीत बाईला घालण्याआधी तो द्यायलाच हवा. त्या गाडीबरोबर एका कागदावर चार ओळी हव्यात: बीपी किती, प्लेटलेट किती, इंजेक्शन किती वाजता दिलं, दिवस किती गेलेत. त्या कागदामुळे पुढच्या रुग्णालयातला अर्धा तास वाचतो.

इथं उपचार म्हणजे बाळंतपण. चौतीस आठवडे झाले असतील तर वाट पाहण्यात काहीच मिळवायचं नसतं. त्याआधी असेल आणि आईची प्रकृती थोडी धीर धरत असेल, तर डेक्सामेथॅसोनची इंजेक्शनं देतात, सहा मिलिग्रॅम, बारा बारा तासांनी चार. आईच्या कुल्ल्यात टोचलेलं हे औषध बाळाची फुप्फुसं पिकवतं. तिसाव्या-बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं दीड किलोचं बाळ जगेल की नाही, यात या स्वस्त इंजेक्शनाचा वाटा फार मोठा आहे. नंतर जिल्हा रुग्णालयातला नवजात कक्ष, नळीनं आईचं दूध, आणि बाळाला उघड्या छातीशी बांधून ठेवणारी कांगारू पद्धत. ते छातीशी धरायचं काम आजी, मावशी, वडीलही करू शकतात. आमच्याकडे बाळाचे आजोबा धोतर-बंडीत येऊन सदरा काढून बसलेले मी पाहिले आहेत. पुढच्या गरोदरपणात मात्र अशा बाईनं बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेतली ॲस्पिरिन घ्यायची असते, म्हणून तिनं तीन महिने पुरे व्हायच्या आत डॉक्टरांकडे यायला हवं.

यकृतात अचानक चरबी साठण्याचा आजार त्याहून दुर्मीळ, साधारण सात ते वीस हजार बाळंतपणांत एक. शीहान या पॅथॉलॉजिस्टनं १९४० मध्ये त्याचं स्पष्ट वर्णन केलं. त्या काळी यातून फार थोड्या बायका वाचत. आता बहुतेक वाचतात, आणि त्याचं कारण लवकर ओळख आणि तडक बाळंतपण हेच आहे. पस्तिसाव्या-छत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा उलट्या सुरू होतात. सुरुवातीच्या महिन्यांतल्या उलट्या थांबल्यावर शेवटच्या महिन्यात परत उलट्या होणं कधीच नेहमीचं समजू नये. बाई मलूल दिसते, तहान न भागणारी, काविळीची झाक नुकतीच. अशा वेळी मी पहिल्यांदा ग्लुकोमीटर हातात घेते. यकृत साखर पुरवेनासं झालं की बोटातल्या रक्तात आकडा पन्नासच्या खाली दिसतो आणि चित्र एकदम स्पष्ट होतं.

दुसरी तपासणी त्याहून साधी. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, नळी मुठीत धरून उबदार ठेवायची, चार मिनिटांनी हलकेच कलती करून बघायची, मग दर मिनिटाला. सात मिनिटांत रक्ताची गुठळी झाली नाही, किंवा झालेली गुठळी लगेच विरघळली, तर यकृत रक्त गोठवणारी द्रव्यं बनवत नाही असं समजायचं. वीज गेलेली असो, लॅब बंद असो, ही तपासणी अडत नाही. ज्या बाईचं रक्त गोठत नाही तिचं बाळंतपण रक्तपेढी जवळ असलेल्या ठिकाणीच व्हायला हवं.

या आजाराची मुळं कधी बाळात असतात. चरबीपासून ऊर्जा करणारं एक विकर काही बाळांत जन्मतःच नसतं. त्या बाळाची न जळलेली चरबीची द्रव्यं आईच्या रक्तात येतात आणि तिचं यकृत त्यांनी गुदमरतं. सगळ्याच बाळांत हा दोष नसतो. पण असेल आणि माहीत नसेल, तर वरून धडधाकट दिसणारं मूल पुढे एखाद्या तापात, दोन वेळचं अंगावर न प्यायल्यावर, साखर उतरून अचानक दगावू शकतं. म्हणून अशा आईच्या बाळाची चाचणी करून घ्यावी, त्याला फार वेळ उपाशी ठेवू नये आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ही हकिगत सांगावी. आई वाचली या आनंदात ही सूचना बहुतेक घरांत विसरली जाते.

आतापर्यंतचे तिन्ही आजार गरोदरपणातून उपजतात आणि बाळंतपणानं ओसरतात. हेपेटायटिस ईचं तसं नाही. तो पाण्यातून येतो.

१९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचं पाणी सांडपाण्यानं दूषित झालं. पाणीपुरवठा केंद्रानं क्लोरीन वाढवलं, त्यामुळे पटकी-विषमज्वर फैलावला नाही, पण कावीळ फैलावली. २९,३०० लोकांना ती झाली. पुढे त्या वेळचे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले तेव्हा हा विषाणू ना हेपेटायटिस एचा, ना बीचा, हे १९८० मध्ये कळलं. त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा मोठा वाटा होता आणि विद्या अरणकल्ले यांनी पुढे अनेक वर्षं तिथून या विषाणूचा पाठपुरावा केला. दरम्यान १९७८ मध्ये काश्मीरच्या खोऱ्यात सुमारे दोनशे गावांत काविळीची प्रचंड साथ आली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू गावोगाव फिरले आणि त्यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली. गरोदर नसलेल्या बायकांत शंभरी दोघींना कावीळ झाली होती, गरोदर बायकांत सतराजणींना. आणि कावीळ झालेल्या त्या गरोदर बायकांपैकी पाचातल्या एकीहून अधिक जणींचं यकृत पार कोलमडलं. १९८३ मध्ये मॉस्कोतले शास्त्रज्ञ मिखाइल बालायान यांनी रुग्णांच्या मळातून गाळलेलं द्रव्य स्वतः पिऊन, स्वतःला कावीळ करून घेऊन हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला.

आमच्या भागाला हे लांबचं नाही. २०१२च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, ती आजही लोकांच्या बोलण्यात येते. पंचगंगेचं प्रदूषण, जुन्या जलवाहिन्या, गटारातून गेलेले नळ. नळाला पाणी ठरावीक तासच येतं. बाकी वेळ वाहिनी रिकामी असते आणि जिथं गळती आहे तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पहिल्या पावसात घरात गरोदर बाई असेल तर तिचं पाणी खळखळून उकळलेलं असावं. पाण्याच्या कॅनवर विसंबू नये, तेही कुठून भरलंय ते आपल्याला दिसत नाही. ऊसतोडणीच्या पालावर उकळायला जळण आणि वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र त्या बायकांनी सोडवायचा नसून मुकादमानं, कारखान्यानं आणि सरकारनं सोडवायचा आहे.

या काविळीत बाळंतपण घाईनं उरकलं म्हणून यकृत सुधारत नाही, उलट रक्त गोठत नसताना सिझेरियन करणं जिवावर बेतू शकतं. विषाणूवर गरोदरपणात देता येईल असं खात्रीचं औषध नाही. करायचं ते असं की साखर सांभाळायची, रक्त गोठण्याची चाचणी रोज करायची आणि बाईच्या भानावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. ती दिवसा झोपते आणि रात्री टक्क जागी राहते, बोलताना शब्द अडतो, नेहमीचं काम हातात घेऊन नुसती बघत बसते, हे दिसलं की तास मोजायला लागायचं आणि अतिदक्षता विभाग गाठायचा. विषाणू पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो. अशी बाळं कधी मृत जन्मतात, कधी अपुऱ्या दिवसांची, थंडगार, साखर उतरलेली. या आजारावर चीनमध्ये लस आहे, २०२२ मध्ये दक्षिण सुदानच्या साथीत ती गरोदर बायकांनाही दिली गेली. आपल्या लसीकरणात ती अजून नाही.

आणि अशा वेळी बाईला आधी नेतात कुठं? कावीळ उतरवणाऱ्याकडे. हातावर काही चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं आणि कावीळ उतरली म्हणतात. निरोगी माणसाच्या हातांनीही ते पिवळंच होईल. गळ्यात माळ घालतात, नाकात औषध सोडतात, कुठं कुठं डागही देतात. साधी कावीळ आपोआप बरी होते, त्याचं श्रेय त्यांना मिळतं. गरोदर बाईच्या काविळीत मात्र त्यात गेलेले तीन-चार दिवस परत मिळत नाहीत. माळ घालायचीच असेल तर घाला, पण त्याच दिवशी रक्तही द्या. तेल, हळद, डाळ बंद करून नुसत्या उसाच्या रसावर ठेवणंही नको. तिला आणि बाळाला अन्न लागतं.

हेपेटायटिस बीचं सगळं उलट आहे. आईला सहसा काहीच होत नाही, ती टवटवीत असते, आणि तपासणीत ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ येतं. घरात मग ताट-वाटी वेगळी होते, स्वयंपाकघर बंद होतं. एका सासूबाईंनी मला विचारलं होतं, “हिनं केलेली भाकरी आम्ही खायची का?” जरूर खायची. हा विषाणू रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो, भाकरीतून नाही. नवऱ्यानं आणि घरच्यांनी तपासून घ्यावं, नसेल त्यानं लस घ्यावी.

यात बाळाची गोष्ट मात्र तासांची आहे. जन्माच्या वेळी ज्या बाळांना हा विषाणू लागतो त्यातल्या सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा मुक्कामाला राहतो, आणि तिशी-चाळिशीत सिरोसिस किंवा यकृताचा कर्करोग होऊ शकतो. जन्मानंतर २४ तासांच्या आत, शक्यतो बारा तासांतच, एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन दिलं की बहुतेक बाळं वाचतात. आईच्या रक्तात विषाणू फार असतील, म्हणजे दोन लाख एककांच्या वर, तर अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून तिला टेनोफोविर देतात. बाळाचं ते इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन महाग असतं, प्रत्येक औषध दुकानात नसतं आणि बाळंतपण रात्री दोनला होतं. म्हणून छत्तिसाव्या आठवड्यातच ते कुठून मिळणार हे पक्कं करा. २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या हेपेटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात विचारा. बाळाला अंगावर पाजायला काहीच हरकत नाही. पुढचे डोस वेळेवर द्या, आणि वर्षाच्या आसपास बाळाचं रक्त तपासून घ्या; लस लागू पडली की नाही ते तेव्हाच कळतं.

ज्यांना आधीपासून यकृताचा आजार आहे, विल्सनचा आजार असो, प्रतिकारशक्तीनं केलेली सूज असो, त्यांना एवढंच सांगते की दिवस गेल्याचं कळताच भीतीनं औषध बंद करू नका. औषध थांबल्यानं होणारं नुकसान सहसा औषधापेक्षा मोठं असतं. आधी डॉक्टरांशी बोला.

शेवटी आपल्या एका जुन्या रीतीबद्दल. पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर, डोहाळजेवण झालं की माहेरी येते. मला ही रीत आवडते. मुलीला विसावा मिळतो. पण यकृताचे हे आजार नेमके सातव्या ते नवव्या महिन्यात डोकं वर काढतात, आणि त्याच काळात तिचा डॉक्टर बदलतो, आशाताई बदलते, आधीचे रिपोर्ट सासरच्या कपाटात राहतात. आधीचं बीपी किती होतं, प्लेटलेट किती होत्या, हे ठाऊक नसेल तर आजचा आकडा घसरलाय की नाही हे मला कळत नाही. तेव्हा मुलीला आणायला जाल तेव्हा तिची फाइल आणि माता-बाल संरक्षण कार्ड मागून घ्या. गावी पोचल्यावर आठवड्याच्या आत तिला दाखवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथंही चालेल. आणि आधीच्या खेपेला खाज, बीपी, कावीळ किंवा पोटात बाळ दगावणं यातलं काही झालं असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता पहिल्याच भेटीत सांगा.